दूरचित्रवाणी संकेताच्या गुणवत्तेचे मोजमाप : सोलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील दूरचित्रवाणीचा इतिहास प्रामुख्याने कार्यक्रम, कलावंत आणि वाहिन्या यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु प्रक्षेपित झालेले चित्र घरातील पडद्यापर्यंत कितपत पोचले, ‘चांगले दिसते’ असे कोणी व कोणत्या मापाने ठरवले, आणि संकेत क्षीण झाल्यास त्याचा भार कोणी सोसला, या प्रश्नांकडे इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. तंत्रज्ञांनी या प्रश्नांचा विचार केला, तो डेसिबेलच्या भाषेत. समाजशास्त्रज्ञांनी प्रेक्षकाचा विचार केला, पण त्याच्या घरावरील अँटेनाचा नाही.

प्रस्तुत लेखात सोलापूर व त्याच्या शेजारच्या सीमाभागाच्या संदर्भात १९७५ ते २०२२ या कालखंडातील दूरचित्रवाणी ग्रहणाच्या मोजमापाचा मागोवा घेण्यात आला आहे. सोलापूरची निवड सहेतुक आहे. हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या कामगारांचे आहे. ते ना मुंबई-पुण्याच्या प्रक्षेपणाच्या टप्प्यात होते, ना हैदराबादच्या. सखल पठारावर वसलेले असल्यामुळे येथे डोंगराचा अडथळा कमी, मात्र उंच प्रक्षेपणस्थानाचा लाभही नाही. ज्याला तंत्रज्ञ ‘काठावरचे ग्रहण’ म्हणतात, त्याचा अभ्यास अशाच ठिकाणी होऊ शकतो.

सीमेपलीकडची उपग्रह छत्री (१९७५-७६) :

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात भारतात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला. सहा राज्यांतील वीस जिल्ह्यांमधील सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली होती. भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यातील १९६९ च्या करारानुसार अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षापुरता भारताला उपलब्ध झाला. प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे, ही बाब मराठी वाचकाला स्मरणात ठेवण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील एकही जिल्हा मात्र या वीस जिल्ह्यांत नव्हता. कर्नाटकातून विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे निवडले गेले, आणि त्यांपैकी पहिले दोन सोलापूर जिल्ह्याला लागूनच आहेत. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्याच्या सीमेवरील शेतकऱ्याच्या दृष्टीने ही ग्रामीण दूरचित्रवाणी शेजारच्या गावची, शेजारच्या राज्याची गोष्ट होती.

मोजमापाच्या दृष्टीने हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. खेड्यातील संच उपग्रहाकडून थेट संकेत घेत असे. त्यासाठी सुमारे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची छत्री वापरण्यात आली. ती स्वस्त असावी, गावात उभारता यावी आणि तरीही पुरेसा संकेत गोळा करावा, या तीन अटी एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या. संकेत ८६० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि कंप्रता-अधिमिश्रण पद्धतीने येत असे. या पद्धतीला एक उंबरठा असतो. वाहक-लहर आणि गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे दहा डेसिबेलच्या खाली घसरले की चित्र हळूहळू न बिघडता त्यावर काळे-पांढरे ठिपके झपाट्याने वाढतात. त्यामुळे अभियंत्यांना प्रत्येक गावासाठी या उंबरठ्याच्या वर काही डेसिबेलची शिल्लक राखून आराखडा करावा लागला. ही शिल्लक म्हणजेच ‘मार्जिन’. छत्री वाऱ्याने किंचित हलली, जोडणीत गंज चढला, संचाचे घटक जुने झाले, तरी चित्र टिकावे म्हणून हाताशी ठेवलेली ती गंगाजळी होती. पुढे डिजिटल काळात ज्या ‘कड्यावरून कोसळण्या’ची चर्चा झाली, तिचे एक सौम्य रूप या प्रयोगात आधीच आढळते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

दुसरी बाब भाषेची. एकाच चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय या संकेतात होती. आंध्र व कर्नाटकसाठी तेलुगू आणि कन्नड अशी विभागणी त्यातूनच शक्य झाली. या दोन्ही भाषा सोलापूर शहराच्या पूर्वभागातील विणकर वस्त्यांत रोज बोलल्या जातात; तरीही प्रशासकीय सीमेमुळे शहर प्रयोगाबाहेर राहिले. उपग्रहाच्या किरणशलाकेला राज्याची सीमा कळत नाही. संच कोणत्या गावात ठेवायचा, हे मात्र सीमेनुसारच ठरते.

मनोऱ्याचा पल्ला आणि पडद्यावरील ‘मुंग्या’ :

वर्ष संपल्यावर उपग्रह परत गेला. प्रयोगाचा वारसा टिकवण्यासाठी १९७७ मध्ये काही ठिकाणी भूस्थित प्रक्षेपक उभारण्यात आले; गुलबर्गा हे त्यांपैकी एक. गुलबर्गा ते सोलापूर हे हवाई अंतर सुमारे १०० किलोमीटर, तर गुलबर्गा ते अक्कलकोट सुमारे ७० किलोमीटर आहे. रेडिओ क्षितिजाचे साधे गणित असे, की १०० मीटर उंचीचा मनोरा आणि १० मीटर उंचीवरील अँटेना यांच्यात थेट दृष्टिरेषा सुमारे ५४ किलोमीटरपर्यंतच राहते. त्यापलीकडे जे पोचते ते वातावरणातील वक्रीभवनाच्या मर्जीवर. उन्हाळ्याच्या पहाटे दूरच्या केंद्राचे चित्र अचानक स्वच्छ दिसावे आणि दुपारी नाहीसे व्हावे, हा अनुभव काठावरच्या प्रेक्षकाला तेव्हा नवा नव्हता. बार्शीच्या दिशेला बालाघाटाच्या रांगा आड येतात, तर अक्कलकोट-मंगळवेढ्याकडील सपाट प्रदेशात बांबू किंवा लोखंडी नळ्या जोडून उंच केलेल्या यागी अँटेनाला अर्थ होता.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कार्यरत झाला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे विलक्षण वेगाने पसरले; काही महिने तर जवळपास दररोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. या विस्ताराच्या काळात सोलापूरसारखी जिल्ह्याची ठिकाणे राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या कक्षेत आली. शंभर वॅटच्या प्रक्षेपकाचा भरवशाचा पल्ला मात्र दहा-पंधरा किलोमीटरचाच. शहर झाकले गेले, तालुका उरला.

या काळातील अधिकृत माप म्हणजे क्षेत्रतीव्रता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तिसऱ्या पट्ट्यातील दूरचित्रवाणीसाठी जमिनीपासून दहा मीटर उंचीवर किमान ५५ डेसिबेल, एक मायक्रोव्होल्ट प्रति मीटर या आधाराने, इतकी तीव्रता संरक्षणास पात्र मानली जाई. नकाशावर या आकड्याची वर्तुळाकार रेषा काढली की आतला प्रदेश ‘व्याप्त’ ठरे आणि लोकसंख्येचा टक्का जाहीर करता येई. मात्र या वक्रांचा आधार पन्नास टक्के ठिकाणांचा होता. याचा अर्थ, रेषेवरच्या दर दोन घरांपैकी एका घरात तीव्रता त्याहून कमी असणार, हे गणितातच गृहीत होते. व्याप्तीच्या टक्केवारीवर विसंबून लिहिलेल्या इतिहासात ही गोष्ट निसटते.

तरीही अ‍ॅनालॉग पद्धतीत प्रेक्षकाकडे स्वतःचे मापनयंत्र होते, आणि ते म्हणजे पडदा. संकेत कमी झाला की चित्रावर ‘मुंग्या’ येत, प्रतिध्वनित लहरींमुळे दुहेरी सावली दिसे, स्कूटर गेली की आडव्या रेघा उमटत. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतो, दुसरा जिन्यात, तिसरा संचासमोर ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडतो, हे दृश्य विनोदाचा विषय झाले असले, तरी तांत्रिक दृष्टीने ती एक संपूर्ण मापनप्रक्रियाच होती. चित्राच्या दर्जाचे पाच पायऱ्यांवर मूल्यमापन करण्याची जी व्यक्तिनिष्ठ पद्धत आंतरराष्ट्रीय संस्थांनी सत्तरच्या दशकात प्रमाण मानली, तिचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही : माणसाला दाखवा आणि त्याला किती त्रास होतो ते विचारा. संकेत निम्मा झाला तर चित्र थोडे बिघडे. क्रिकेटचा सामना मुंग्यांमधूनही पाहिला जाई. बिघाड दिसत होता, म्हणून त्यावर उपायही घरातच शोधला जात होता.

केबलचे आगमन : मोजमाप हातातून निसटण्याची सुरुवात

१९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरोशहरी केबलचे जाळे पसरले. सोलापुरातील दाट वस्त्या, चाळी आणि यंत्रमागाच्या पेठा यांमध्ये एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तार नेणे सोपे होते. प्रेक्षकाच्या अँटेनाची जागा केबलचालकाच्या सी-बँड छत्रीने घेतली. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी नियमन कायद्याने नोंदणी आवश्यक केली, आणि त्याच्या नवव्या कलमात जाळ्यातील उपकरणे भारतीय मानकांनुसार असण्याची अपेक्षा नोंदवली गेली.

मानक एक आणि गल्ली दुसरी. स्वच्छ अ‍ॅनालॉग चित्रासाठी ग्राहकाच्या टोकाशी वाहक व गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे ४४ डेसिबेल हवे. तार लांबली की संकेत घटतो, म्हणून वाटेत वर्धक बसवले जातात. पण प्रत्येक वर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो आणि स्वतःचा थोडा मिसळतो. त्यामुळे मुख्य केंद्राजवळच्या घरात आणि साखळीच्या शेवटच्या घरात चित्राचा दर्जा भिन्न असे, वर्गणी मात्र सारखीच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरात इन्व्हर्टर असूनही वाटेतील वर्धकाची वीज गेल्याने पडदा कोरा राही. तक्रार केबलवाल्याकडे जाई, आणि केबलवाला गल्लीतलाच असल्यामुळे ती तोंडीच मिटे. कोणती वाहिनी तारेच्या कोणत्या पट्ट्यात ठेवायची, हेही तोच ठरवी. वरच्या कंप्रतांवर तारेतील घट अधिक असते. एखादी कन्नड वा तेलुगू वाहिनी वरच्या टोकाला टाकली गेली तर शेवटच्या घरात ती सर्वांत आधी मुंग्यांनी भरे. भाषिक अल्पसंख्याकांच्या वाट्याला काय आले, याचा विचार करताना वाहिन्यांच्या यादीबरोबर त्यांच्या कंप्रतेचाही विचार व्हायला हवा.

डिजिटल केबल : ३१ मार्च २०१३

२०११ च्या दुरुस्ती कायद्याने केबलचे डिजिटल रूपांतर टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. पहिल्या टप्प्यात चार महानगरे होती. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत महाराष्ट्राची नऊ शहरे होती. पुणे, नागपूर, नाशिक यांच्याबरोबर सोलापूरही त्यात होते, आणि त्यासाठीची मुदत होती ३१ मार्च २०१३. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. विडी वळणाऱ्या स्त्रिया आणि यंत्रमाग कामगार यांचे हे शहर, एकाच दिवशी पुण्याच्या बरोबरीने सेट टॉप बॉक्सच्या युगात ढकलले गेले.

डिजिटल पद्धतीत मोजमापाचा अर्थच बदलतो. केबलवरील ६४-क्वाम पद्धतीत चित्र-ध्वनीचे आकडे चौसष्ट निश्चित बिंदूंच्या जाळीवर मांडले जातात. ग्राहकाच्या पेटीला मिळालेला बिंदू मूळ जागेपासून किती सरकला, याचे माप म्हणजे ‘एमईआर’ अर्थात अधिमिश्रण-त्रुटी गुणोत्तर. बिंदू शेजारच्या चौकटीत गेला की आकडा चुकतो. किती आकडे चुकले याचे माप ‘बीईआर’, म्हणजे बिट-त्रुटी दर. काही चुका दुरुस्त करण्याची सोय संकेतातच असते : २०४ बाइटच्या प्रत्येक पुडक्यात १६ बाइट केवळ दुरुस्तीसाठी असतात आणि त्यांच्या बळावर आठ बाइटपर्यंतच्या चुका पूर्णपणे पुसता येतात. दुरुस्तीपूर्वी दहा हजार बिटांत दोन चुका असल्या, तरी दुरुस्तीनंतर तासाभरात जेमतेम एखादी उरते. मात्र चुका थोड्या वाढल्या की दुरुस्तीची क्षमता एकदम संपते. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, चित्र गोठते, आणि पुढच्या एक-दोन डेसिबेलमध्ये पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते.

६४-क्वामला सुमारे २६ डेसिबेलचे गुणोत्तर पुरते. जेथे अ‍ॅनालॉगला ४४ लागत होते, तेथे हे कितीतरी कमी आहे. त्यामुळे जुन्याच तारांवर, जुन्याच वर्धकांवर रूपांतर झाले तरी पहिल्या दिवशी सर्वांना चित्र सुधारल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्यातून एक फसवणूकही घडते. ज्या घरात ३४ डेसिबेल पोचतात आणि ज्या घरात २७ पोचतात, त्या दोन्ही घरांत चित्र सारखेच निर्दोष दिसते. पहिल्याकडे आठ डेसिबेलची शिल्लक आहे, दुसऱ्याकडे एकाची. दुसऱ्या घरातील माणसाला आपण कड्याच्या टोकावर उभे आहोत, हे कळण्याचा कोणताही मार्ग पडद्यावर उरलेला नाही. जोडणीत पावसाचे पाणी शिरले, शेजाऱ्याने तार दुभागली, उन्हाळ्यात ४२-४३ अंशांना तार तापून घट वाढली, की त्याचे चित्र जाते. शेजारच्याचे जात नाही.

पेटीच्या मेन्यूमध्ये ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पट्टे टक्क्यांत दिसतात, असे यावर म्हटले जाईल. पण या टक्क्यांना एकक नाही. एका कंपनीच्या पेटीतील ७० टक्के आणि दुसरीतील ७० टक्के यांची तुलना करता येत नाही. शिवाय ‘स्ट्रेंथ’ भरपूर असूनही ‘क्वालिटी’ शून्य असू शकते. वर्धकावर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला की संकेत जोरदार पण विकृत होतो. जास्त सिग्नल म्हणजे चांगला सिग्नल ही समजूत अ‍ॅनालॉग काळातून आलेली आहे आणि बूस्टर बसवून चित्र अधिकच बिघडवण्यामागे तीच असते. खरे माप तंत्रज्ञाच्या हातातील मीटरवर असते. तो येतो, आकडा पाहतो आणि जातो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०१२ मध्ये डिजिटल केबलच्या सेवादर्जाविषयी विनियम काढून ‘सिग्नल नाही’ अशा तक्रारींच्या निवारणासाठी कालमर्यादा घातली, हे पाऊल महत्त्वाचे होते. तथापि ते चित्र गेल्यानंतरच्या स्थितीचे नियमन आहे. चित्र जाण्याआधी घरापाशी किती शिल्लक असावी आणि ती ग्राहकाला कळावी का, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

गच्चीवरची छोटी छत्री आणि पाऊस :

ज्यांना मासिक वर्गणी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झालेली दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सेवा, जी पुढे डीडी फ्री डिश झाली, हा मोठा आधार ठरला. एकदाच खर्च, नंतर काही नाही. हल्ली ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. सोलापुरातून पाहता हा उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर आहे. म्हणजे छत्री बरीच आकाशाकडे तोंड करून बसते आणि समोरच्या इमारतीचा अडसर सहसा येत नाही.

अडसर येतो तो पावसाचा. केयू-बँडच्या लहरी इतक्या आखूड असतात की पावसाचे थेंब त्या शोषतात व विखुरतात. केबलचालकाच्या सी-बँडला हा त्रास फारच कमी. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा असल्याने येथे हा प्रश्न गौण असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण उपग्रह-ग्रहणाचे मार्जिन वर्षभरात किती पाऊस पडला यावर ठरत नाही, तर तो किती जोराने पडला यावर ठरते. आराखड्यात बहुधा वर्षातील ०.०१ टक्के वेळ, म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, ज्या तीव्रतेच्या वर पाऊस पडतो ती तीव्रता विचारात घेतली जाते. सोलापूरचा पाऊस मोजका, परंतु सप्टेंबरातील वळिवासारख्या सरींत धो-धो कोसळणारा. ६० सेंटिमीटरऐवजी ७५ सेंटिमीटरची छत्री लावल्यास जवळपास दोन डेसिबेल, ९० ची लावल्यास साडेतीन डेसिबेल अधिक शिल्लक मिळते. किमतीतील फरक लहान वाटतो. तो विडी कामगाराच्या मजुरीत मोजला की लहान राहत नाही. परिणामी सर्वांत कमी शिल्लक सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरावर असते.

याशिवाय मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरचा आरंभ या काळात सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे त्याच्या गोंगाटात संकेत बुडतो. सोलापूरच्या अक्षांशावर या तारखा साधारण १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास पडतात. छत्रीत दोष नसतानाही छत्री फिरवली जाते ती याच दिवसांत, आणि मग सूर्य सरकल्यावरही चित्र परत येत नाही.

भूस्थित प्रक्षेपणाचा अस्त :

डिजिटल भूस्थित प्रक्षेपण हा तिसरा मार्ग होता. युरोपात त्याचे नियोजन करताना १९९७ च्या चेस्टर करारात दोन पातळ्या मानल्या गेल्या : ७० टक्के ठिकाणी ग्रहण झाल्यास ‘स्वीकारार्ह’, ९५ टक्के ठिकाणी झाल्यास ‘चांगले’. अ‍ॅनालॉगच्या पन्नास टक्क्यांवरून ही उडी का घ्यावी लागली, हे उघड आहे. अ‍ॅनालॉगमध्ये रेषेबाहेरच्या घराला वाईट चित्र मिळे. डिजिटलमध्ये काहीच मिळत नाही. म्हणून आराखडा करणाऱ्यानेच मार्जिन आधी मोजून ठेवले पाहिजे, ते प्रेक्षकावर सोपवता येत नाही. भारतात दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी १६ शहरांत डीव्हीबी-टी२ सेवा सुरू केली. महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, यांचा त्यात समावेश होता. सोलापूरचा नव्हता. केबलच्या सक्तीच्या यादीत पुण्याच्या बरोबरीने बसलेले शहर विनामूल्य भूस्थित सेवेच्या यादीत मात्र आले नाही, ही नोंद इतिहासाने घ्यावी अशी आहे.

जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे काम चालूच होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले, की सुमारे ७० टक्के अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद झाले असून सामरिकदृष्ट्या महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. कालबाह्य तंत्रज्ञान, विजेचा खर्च आणि कंप्रतांचा अन्य उपयोग ही कारणे त्यामागे होती आणि ती तांत्रिकदृष्ट्या रास्तही होती. काही केंद्रेच बंद होत असल्याच्या बातम्या त्या वेळी पसरल्या, तेव्हा खुलासा करताना ज्या केंद्रांची नावे घेण्यात आली त्यांत आसामातील सिलचरबरोबर कलबुर्गी, म्हणजे जुने गुलबर्गा, हेही होते. तेथून कार्यक्रमांची निर्मिती सुरू राहील आणि ते कर्नाटकाच्या वाहिनीवरून तसेच यूट्यूबवरून दिसतील, असे सांगण्यात आले. हे कार्यक्रम अक्कलकोट तालुक्यातील कन्नड भाषक घरात पोचण्यासाठी आता मनोऱ्याची दिशा आणि अँटेनाची उंची यांचा उपयोग नाही. छत्री, केबल किंवा मोबाइलचा डेटा यांपैकी एक तरी घरात असावे लागते.